स्वयंपाकघर नेमकं कुणाच्या डोक्यात असतं?



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. या व्याख्यानमालेत याआधी बोललो तेही कांट आणि सांख्यदर्शन अशाच विषयांवर. त्यामुळे यंदाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'घरचं स्वयंपाकघर आणि व्यावसायिक शेफची शिस्त' असं वाचून दोघातिघांनी फोन केले. म्हणाले, सर, छापण्यात काही चूक झालीय का? तर चूक नाही. विषय मीच दिलाय. आणि तो का दिला, हे आधी सांगितलं पाहिजे.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमची ही अंगणात शेवाळावरून घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तोपर्यंत मला स्वयंपाकातलं दोनच गोष्टी येत होत्या, चहा करणं आणि जेवणाला नावं ठेवणं. (हशा) पहिल्या दिवशी सकाळी ठरवलं, पोहे करू. त्यात अवघड काय आहे? पोहे, कांदा, मोहरी, हिंग, हळद, मीठ, तेल. सात वस्तू. त्या सात वस्तू जमवायला मला पंचवीस मिनिटं लागली. आमचा संवाद असा:

"पोहे कुठं आहेत गं?"

"अहो, तिसऱ्या फळीवर. बिस्किटांच्या डब्यात."

"मग बिस्किटं कुठं आहेत?"

"ती निळ्या झाकणाच्या डब्यात. पण ते निळं झाकण फुटलं, आता त्याला पांढरं आहे."

तुम्ही हसताय, पण घरी जाऊन आपापल्या फळ्या बघा. मी त्या दिवशी ओट्यापाशी उभा राहून विचार करत होतो. एक्केचाळीस वर्षं या घरात मी जेवलो. मला वाटायचं, आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला आहे. ते तिथं नव्हतंच. तिथं नुसते डबे होते. स्वयंपाकघर होतं हिच्या डोक्यात. आणि त्याचा परिणाम काय, तर हात प्लास्टरमध्ये असला तरी हिला सुटी नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या दर पाच मिनिटांनी उत्तरं द्यायची. हाताला विश्रांती मिळाली, डोक्याला नाही.

त्याच आठवड्यात आमचा भाचा मामीला बघायला आला. तो मुंबईला एका मोठ्या हॉटेलात शेफ आहे, वीस वर्षं झाली. त्यानं हा सगळा गोंधळ पाहिला आणि एकच वाक्य बोलला. म्हणाला, "मामा, आमच्याकडे रोज कुणी ना कुणी रजेवर असतं. तरी संध्याकाळी साडेसातला पहिली प्लेट बाहेर जातेच."

मला आजच्या व्याख्यानाचा विषय त्या वाक्यात सापडला.

शेफसारखं म्हणजे कशासारखं?

'शेफसारखं स्वयंपाकघर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? चकचकीत स्टील, भिंतीवर लटकवलेल्या बारा सुऱ्या, परदेशी भांडी. दुकानदार हेच विकतो, कारण वस्तू विकता येतात, शिस्त विकता येत नाही. भाच्याला मी विचारलं, तुझ्या हॉटेलातलं काय काय विकत आणू? तो म्हणाला, काही नको. उलट आहे त्यातलं एक तृतीयांश काढून टाका.

शेफचं स्वयंपाकघर म्हणजे जिथं ज्ञान माणसाच्या डोक्यातून बाहेर काढून जागेत ठेवलेलं असतं. कुठली वस्तू कुठं, किती, कधीची, आधी काय, मग काय, हे सगळं तिथली जागा सांगते. नवा माणूस आला तरी त्याला वाचता येतं.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे. ओग्यूस्त एस्कॉफिए नावाचा फ्रेंच आचारी होऊन गेला, 1846 ते 1935 हा त्याचा काळ. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यानं सैन्यासाठी स्वयंपाक केला होता. पुढे 1890 मध्ये सेझार रित्झबरोबर तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला. त्यानं मोठ्या स्वयंपाकघराची रचना फौजेसारखी केली. फ्रेंचमध्ये तिला 'ब्रिगाद' असाच शब्द आहे. एकानं सॉस पाहायचे, एकानं मासे, एकानं भाजणं, एकानं थंड पदार्थ, एकानं गोडाचं. प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली. त्या जागेवर त्याची हत्यारं आणि त्याचं सामान. 1903 मध्ये त्याचा 'ल गीद क्युलिनेर' हा ग्रंथ आला. हजारो पाककृती थोडक्यात लिहिलेल्या, म्हणजे हाताखालच्या माणसाला वाचून कामाला लागता यावं.

या परंपरेतला एक शब्द जगभरच्या स्वयंपाकघरांत रुजला आहे. 'मीज आं प्लास'. शब्दशः, जागेवर ठेवणं. मी त्याला मराठीत सरळ 'मांडामांड' म्हणतो. पूजेच्या आधी आपण मांडामांड करतो ना? हळद-कुंकू, फुलं, तांब्या, पळी, उदबत्ती, काडेपेटी. गुरुजी मंत्र म्हणत असताना काडेपेटी शोधायला उठायचं नाही, हा संकेत आहे. देवघरात जी शिस्त आपण पाळतो, ती ओट्यावर का पाळत नाही?

आणि आपल्या स्वयंपाकात तर तिची गरज फ्रेंचांपेक्षा जास्त आहे. का? फोडणी. तेल तापलं, मोहरी टाकली, ती तडतडली की हिंग, लगेच हळद, आणि लगेच भाजी. हा सगळा खेळ काही सेकंदांचा. हळद जळायला वेळ लागत नाही, आणि जळली की कडू होते. त्या काही सेकंदांत पांढऱ्या झाकणाचा डबा शोधत बसलात की संपलं. माझे पहिले तीन दिवसांचे पोहे कडू झाले ते याच कारणानं. मला वाटत होतं, मला पोहे येत नाहीत. खरं तर मला मांडामांड येत नव्हती.

बरं, मांडामांडीची उत्तम वस्तू आपल्याकडे आधीपासून आहे. मिसळणाचा डबा. एका डब्यात सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या, धणेपूड. एक झाकण उघडलं की सगळी फोडणी समोर. ज्या बाईनं पहिल्यांदा हा डबा केला तिला मांडामांड पुरती कळलेली होती. आपण फक्त एवढंच करायचं, की त्या डब्यामागचा विचार सगळ्या स्वयंपाकघराला लावायचा.

जागा कशी लावायची

आता प्रत्यक्षाकडे वळू. भाच्यानं दोन दिवसांत काय केलं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट. त्यानं ओट्याचे तीन भाग पाडले. पाण्याचा, सुरीचा आणि आगीचा. सिंकच्या बाजूला धुणं. मध्ये चिरणं. मग शेगडी. भाजी त्याच क्रमानं पुढे सरकते. धुतली, चिरली, कढईत गेली. आमच्याकडे चिरायच्या मधल्या जागेवर मिक्सर, पाव ठेवायचा डबा, औषधांची टोपली आणि रेडिओ होता. म्हणजे स्वयंपाकाचं मुख्य काम करायला जागाच नव्हती. ही एक्केचाळीस वर्षं ताटात किंवा हातात धरून चिरत होती. मधली दोन-अडीच फूट जागा कायमची मोकळी ठेवणं, ही माझ्या मते घरच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी सुधारणा आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट. वस्तू कशा ठेवायच्या? प्रकारावरून नाही, वापरावरून. रोज लागणारं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत आणि हाताच्या अंतरावर. आठवड्यातून एकदा लागणारं खाली किंवा वर. दिवाळीत लागणारं माळ्यावर. सोऱ्या आणि चकलीचे साचे पुढच्या फळीवर, आणि मीठ मागे, असं आमच्याकडे होतं. आणि वस्तू जिथं लागते तिथं ती राहिली पाहिजे. झारा, पळी, उलथणं, सांडशी शेगडीपाशी. चाळणी, रोळी सिंकपाशी. पोळपाट-लाटणं कणकेच्या डब्यापाशी. मसाले शेगडीजवळ हवेत, पण शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत. वाफेनं आणि उष्णतेनं त्यांचा वास उडतो.

तिसरी गोष्ट, ओट्याची उंची. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा. चिरायची पातळी कोपराच्या साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावी. आमचा ओटा गवंड्यानं बांधला चौतीस इंचांचा, कारण तो सगळ्यांना चौतीसच बांधतो. हिची उंची पाच फूट, माझी पावणेसहा. चार दिवस चिरून माझी कंबर धरली. उपाय सोपा निघाला. एक जाड शिसवी पाट ओट्यावर ठेवला, त्याखाली ओलं फडकं, पाटावर चिरायची पाटी. हिला पोळ्या लाटायला ओटा उंच पडत होता. लाटताना खांद्याचा भार वरून यावा लागतो. तर जेवणाच्या टेबलावर, जरा खालच्या पातळीवर, लाटायची सोय केली. एक्केचाळीस वर्षं हिचे खांदे दुखायचे. आम्ही त्याला वय म्हणत होतो.

हत्यारं: थोडी, पण नीट

आता सुरी. घराला तीन सुऱ्या पुरतात. साधारण आठ इंच पात्याची एक मोठी, एक छोटी सोलायला-कोरायला, आणि पावासाठी एक दातेरी. बाकी डब्यात घाला. पण मोठी सुरी धारदार हवी. लोकांना वाटतं धारदार सुरी धोक्याची. उलट आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती टोमॅटोच्या सालीवरून सटकते, आणि बोटात जाते. चिरताना डाव्या हाताची बोटं आत दुमडायची, वाघनखासारखी. पातं बोटाच्या पेरांना टेकून खालीवर होतं, टोकांना लागत नाही. आणि पाटीखाली ओलं फडकं हवंच, पाटी हलता कामा नये.

धारेसाठी साधा पाण्यात भिजवायचा दगड मिळतो, त्यावर हजार आकडा लिहिलेला असतो तो घ्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा, पंधरा-वीस अंशांच्या कोनात धरून, दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. हॉटेलात तो गोल लोखंडी दांडा असतो ना, त्यानं नवीन धार निघत नाही. वाकलेली धार सरळ होते एवढंच. दोन कामं वेगळी आहेत.

विळीबद्दल विचाराल, म्हणून सांगतो. विळी वाईट नाही. विळीत पातं स्थिर असतं आणि भाजी हलते, सुरीत भाजी स्थिर असते आणि पातं हलतं. विळीवर हातानं नारळ खोवणारी माणसं आजही सुरीवाल्याला हरवतील. पण विळीला जमिनीवर बसावं लागतं, आणि सत्तरीनंतर गुडघे तत्त्वज्ञान ऐकत नाहीत.

सुरीवरून मला चिनी तत्त्ववेत्ता च्वांग-त्सूच्या ग्रंथातली गोष्ट नेहमी आठवते. डिंग नावाचा एक आचारी राजापुढे बैल कापत असतो. त्याची सुरी एकोणीस वर्षं वापरलेली, आणि धार मात्र नुकतीच दगडावरून काढल्यासारखी. साधा आचारी दर महिन्याला सुरी बदलतो कारण तो तोडतो. चांगला वर्षाला बदलतो कारण तो कापतो. डिंग म्हणतो, सांध्यांमध्ये फट असते आणि पात्याला जाडी नसते, मग अडायचं कशाला? पण त्याच गोष्टीत एक तपशील लोक विसरतात. जिथं सांधा अवघड येतो तिथं डिंग थांबतो, नजर स्थिर करतो, हात हळू करतो. कौशल्य म्हणजे सगळीकडे वेग नाही. कुठं हळू व्हायचं हे कळणं.

भांड्यांचंही तसंच. जाड बुडाची एक कढई, एक लोखंडी तवा, दोन जाड पातेली, कुकर. पातळ बुडाचं भांडं एका जागी जास्त तापतं आणि तिथंच लागतं. भांडं आधी तापू द्या, मग तेल. आणि कढईत गर्दी करू नका. भेंडी एकदम पाऊण किलो टाकली की पाणी सुटतं, ती परतली जात नाही, शिजते आणि चिकट होते. दोन वेळा थोडी थोडी करा. हॉटेलात हा नियम न पाळणाऱ्याला बोलणी बसतात.

शेवटचं हत्यार म्हणजे वजनकाटा. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या मुलींचे संसार सावरले. 'अंदाजानं घाल' या सल्ल्यापेक्षा 'एक वाटी घाल' हे फार पुढचं पाऊल होतं. पण तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नसते, आणि वाटी दाबून भरली की पीठ जास्त मावतं. वजन बदलत नाही. भाकरीला काटा लागत नाही, हे मला मान्य. पण ढोकळा, केक, लोणच्यातलं मीठ, इथं काटा ठेवा.

तारीख, थंडी आणि पाणी

हॉटेलात प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी असते. तिच्यावर काय आहे आणि कधीचं आहे, एवढंच लिहिलेलं. आणि नियम, आधी आलेलं आधी बाहेर. नवं सामान मागे, जुनं पुढे. आमच्या फ्रिजमध्ये त्या दिवशी चार वाट्या निघाल्या, झाकलेल्या. त्यात काय आहे ते हिला माहीत होतं. कधीचं आहे ते हिलाही नाही.

हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा धरतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तासाभरात. सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे भात. त्यातल्या एका जातीच्या जंतूची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, विष तयार होतं, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली की तो शुद्ध होतो, हा आपला समज चुकीचा आहे. उरलेला भात परातीत पसरून लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मग फोडणीचा भात खुशाल करा, चांगला वाफाळेपर्यंत गरम करून. कच्चं मटण, मासे असतील तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे त्यांचं पाणी खाली शिजलेल्या अन्नावर ठिबकणार नाही. त्यांची पाटीही वेगळी.

आणि आवराआवर शेवटी नाही, मधे मधे. कुकरची शिट्टी व्हायची आहे ना, तेवढ्यात पाटी धुवा, सालं टाका, ओटा पुसा. दोन फडकी वेगळी ठेवा, एक हाताला, एक ओट्याला. माझ्यासारख्या माणसाला हे सगळ्यात जड गेलं. पुरुष स्वयंपाक करतो तेव्हा जेवण एक होतं आणि भांडी चौदा पडतात, हा घरोघरचा अनुभव आहे. (हशा) शेफ ज्याला स्वयंपाक म्हणतो त्यात भांडी धुणं येतं. आपण ते वगळून स्वयंपाक मोजतो.

एक बोलायची सवयही सांगतो. हॉटेलात माणूस दुसऱ्याच्या मागून जाताना मोठ्यानं सांगतो, "मागे आहे." गरम भांडं नेताना, "गरम." ऐकणारा उत्तर देतो. आमच्या लहानशा स्वयंपाकघरात आम्ही दोघं आता हेच बोलतो. सुरुवातीला हसू यायचं. पण आमटीचं पातेलं घेऊन मी वळलो आणि ही मागे नव्हती, कारण मी आधी बोललो होतो, त्या दिवशी हसू गेलं.

एका बाईनं काढलेला आराखडा

आता जरा गंभीर होतो. घरच्या स्वयंपाकघराला शास्त्र लावायचा प्रयत्न आपण काही पहिल्यांदा करत नाही. 1926 मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरानं कामगारांसाठी मोठी घरबांधणी काढली होती. तिथं मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी 1.9 मीटर, लांबी 3.4 मीटर. रेल्वेच्या भोजनडब्यातली चिंचोळी स्वयंपाकघरं त्यांनी अभ्यासली. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी बायकांच्या पावलांची मोजदाद केली होती, तीही वाचली. नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, तांदळाला वेगळा, बाकी जिन्नसांना वेगळे. सरकतं दार, बसायला फिरतं स्टूल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी.

हेतू चांगला होता. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा. पण पुढे त्यावर टीका झाली, आणि ती मला पटते. ते स्वयंपाकघर एकाच माणसापुरतं होतं. दोन माणसं त्यात मावत नव्हती. म्हणजे त्यानं बाईचं काम सोपं केलं, पण ते काम तिचंच, एकटीचंच, हे भिंती घालून पक्कं केलं.

म्हणून मी म्हणतो, घरी शेफचं काय आणायचं हा प्रश्न वेगाचा नाही. एस्कॉफिएच्या स्वयंपाकघराचा गाभा असा की काम अनेकांत वाटता येतं. ते सोडून नुसती चकाकी आणि वेग आणलात, तर एका बाईला जास्त वेगानं राबायची सोय केलीत, दुसरं काही नाही.

हिचं म्हणणं

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल.

भाचा गेला. आम्ही सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मी तर अक्षर चांगलं म्हणून खूश. प्लास्टर निघालं त्या दिवशी ही स्वयंपाकघरात आली, सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली, आणि काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "छान झालंय. आता माझी काय गरज?"

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, मला उत्तर सुचलं नाही. कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या घरात बाईला दुसरा कुठला अधिकार नव्हता, तिथं कुठला डबा कुठं हे तिलाच माहीत असणं, हाच तिचा अधिकार होता. तो मी 'सुधारणा' म्हणून काढून घेतला होता, आणि तेही तिला न विचारता.

त्या रात्री मला ॲरिस्टॉटल आठवला. प्लेटोच्या 'गॉर्गियास'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, पाककला ही कलाच नाही, नुसता सरावानं आलेला हातखंडा आहे. मी हे तीस वर्षं वर्गात सांगितलं, घरचं गरम जेवण जेवून. ॲरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या सुरुवातीला जरा वेगळं सांगतो. अनुभवी माणसाला अमुक केलं की तमुक होतं हे कळतं. जाणकाराला ते का होतं हे कळतं. आणि जाणकार कोण, याची खूण कोणती? त्याला ते दुसऱ्याला शिकवता येतं.

दुसऱ्या दिवशी मी हिला म्हटलं, चिठ्ठ्या लावून फक्त डबे कळले. आमटीला चिंच आधी घालायची की डाळ शिजल्यावर, आणि का, हे चिठ्ठीवर नाही. ते शिकव. तिनं शिकवलं. चिंच आधी पडली तर डाळ शिजत नाही, आंबटानं ती कडक राहते, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, तिनं ते पाहून पाहून ओळखलं होतं. मग आम्ही एक वही केली. त्यात तिनं सांगायचं, मी लिहायचं. आणि माझ्या मांडणीतल्या अकरा वस्तूंच्या जागा तिनं बदलल्या. दहा बाबतींत तिचं बरोबर होतं. अकराव्याबद्दल आमचा वाद चालू आहे, हिंगाच्या डबीवरून.

म्हणजे चिठ्ठ्या लावल्यावर तिची गरज संपली का? नाही. 'बिस्किटांच्या डब्यात पोहे आहेत' हे सांगण्यापुरती जी तिची गरज होती, ती संपली. जे खरं ज्ञान होतं ते मोकळं झालं. हॉटेल रोज तीच प्लेट शंभर वेळा सारखी काढतं. घराला ते नको असतं. आज जावई येणार, उद्या कुणाला ताप, परवा भाजीच नाही. तिथं चवीपुरतं म्हणजे किती, हे काटा सांगत नाही. पण त्या चवीपर्यंत पोचण्याआधीचा जो निव्वळ शोधाशोधीचा शीण आहे, तो शेफकडून शिकून कमी करता येतो.

आता शेवटचं. तुम्हा सगळ्यांना एक प्रयोग देतो, खर्च काही नाही. आज घरी गेल्यावर, जो स्वयंपाक करत नाही त्या माणसानं पाच वस्तू शोधून ओट्यावर आणायच्या. हिंग, किसणी, गाळणं, साबुदाणा आणि गॅसचा लायटर. विचारायचं नाही. आणि घरातल्या बाईनं सांगायचं नाही, हे त्याहून अवघड. किती मिनिटं लागतात ते बघा. जितकी मिनिटं लागतील, तितकं तुमचं स्वयंपाकघर एकाच माणसाच्या डोक्यात आहे, असं समजा. मग एक फळी घ्या. एकच. दोघांनी मिळून लावा. पुढच्या आठवड्यात दुसरी.

गेल्या मे महिन्यात ही बहिणीकडे आठ दिवस राहायला गेली. लग्नानंतर इतके दिवस पहिल्यांदाच. पूर्वी दोन दिवस जायचं तरी आदल्या रात्री अकरापर्यंत मला सूचना, आणि तिकडून दिवसाला चार फोन. यावेळी स्टँडवर सोडायला गेलो, एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती, आणि आम्ही दोघं पावसाबद्दल बोलत होतो. गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं एकही सूचना दिली नाही.

आठ दिवसांत फोन तीन आले. त्यातला एकही स्वयंपाकाबद्दल नव्हता.